एका दमाची दुवा

इंदुरीच्या चाँदभाई मुलाण्याला कुणी राम राम घातला की तो आधी त्या माणसाच्या हाताकडे बघायचा. हा आज राम राम का घालतोय, काल का घातला नाही, आणि घालताना हसला तो कशाला, याचा निकाल लागल्याशिवाय त्याच्या तोंडून उलट राम राम निघत नसे. तोवर समोरचा माणूस वेशीबाहेर गेलेला असे. गाव हे ओळखून होतं. "चाँदभाई आपल्या सावलीलाबी इचारतो, कुटनं आलीस म्हनून," असं कोंडाजी म्हणायचा. ते चाँदभाईच्या कानावर आलं, तेव्हा कोंडाजीला आपल्या सावलीशी काय देणंघेणं, याचाच त्यानं दोन दिवस विचार केला.

असा माणूस, पण गावाचं त्याच्यावाचून पान हलत नसे. नवसाचं बकरं असो की लग्नाच्या जेवणाचं, सुरी फिरवायची ती मुलाण्यानंच. तो मान वाडवडिलांपासून त्याच्या घराण्याकडे होता. मराठ्यांच्या घरातली म्हातारी चुलीपाशी बसून पहिल्यांदा विचारायची, "मुलान्यानं सुरी फिरवली का?" फिरवली म्हटलं की चूल पेटायची, नाहीतर मटण तसंच पडून राहायचं. याबद्दल सुगीला खळ्यावर सूपभर धान्य मिळायचं आणि प्रत्येक बकऱ्यात वाटा. वाटे घालायचं काम कोंडाजीचं. चाँदभाई आपला वाटा हातावर तोलायचा, उलटा करून बघायचा, हुंगायचा.

"हाडं लय दिसत्यात," तो म्हणायचा.

"बकऱ्यालाच व्हती," कोंडाजी सांगायचा.

सुरी आणि तिची दुवा त्याला बापाकडून मिळाली होती. इंद्रायणीच्या उतारावर बसून बापानं त्याला ती शिकवली, तीही दुधी भोपळ्यावर. बकरं परवडणार कुठून? भोपळ्याचं तोंड मावळतीकडे करायचं, डावा हात मानेवर म्हणजे देठापाशी ठेवायचा, आणि म्हणायचं, बिस्मिल्ला, अल्ला हू अकबर. एवढं कुठल्याही मुसलमानाला येतं. पण इंदुरीच्या मुलाण्यांच्या दुवेला त्यापुढं एक शेपूट होतं, पणज्यापासून चालत आलेलं: तुजन्नमाजन्नत्याजत्यल्ला. ते ओठांतल्या ओठांत म्हणायचं, कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नाही, आणि एका दमात म्हणायचं. "दम तुटला की दुवा तुटली," बाप सांगायचा. पोरानं एकदा अर्थ विचारला, तर बाप म्हणाला, "अरबी हाय ती. शेवटाला अल्ला येतोय ना? मंग झालं. त्येला कळतं, आपल्याला काय करायचंय?"

पुढं प्लेग आला. गाव उठून रानात झोपड्यांत राहायला गेलं आणि चाँदचा बाप त्या झोपडीतून परत आलाच नाही. मिसरूड फुटायच्या आत पोराच्या कमरेला सुरी आली. ती आली त्याच दिवशी तो संशयी झाला, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. कारण पहिलं बकरं त्याच्या हाताखाली आडवं झालं, तेव्हा त्याच्या मनात आलं, आपण पाठ केलेलं बरोबर आहे ना? एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असलं तर? विचारणार कुणाला, बाप तर गेला. दुवा चुकली असेल तर आपण बकरं हलाल केलं नाही, नुसतं मारलं. आणि अख्खं गाव आपल्या शब्दावर ते जेवलं. त्यानंतर आयुष्यभर त्यानं जगावर जे जे संशय घेतले, ते सगळे या एका संशयाची पोरं होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, अमिनालासुद्धा नाही.

एकोणीसशे तीसच्या सुमाराला मेहबूब मास्तर गावात आला. बारीक अंगाचा, तिशीतला माणूस, एका हातात छत्री, दुसऱ्यात पत्र्याची पेटी. मूळचा लोणावळ्याचा, बाप रेल्वेत खलाशी होता, स्वतः मुंबईला राहून दीन म्हणजे धर्म शिकून आलेला. इंदुरीत मुसलमानांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. मशीद म्हणजे एक खोली आणि पुढं ओसरी. त्या ओसरीवर मुलांना अक्षरं, नमाज आणि चार चांगल्या गोष्टी शिकवीन, एकेका घरानं पाळीपाळीनं जेवायला घालावं, एवढंच त्याचं मागणं होतं. लोकांना आनंद झाला. चाँदभाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. लोणावळ्याला स्टेशन आहे, शेटलोकांचे बंगले आहेत, थंड हवा आहे. ते सोडून हा इथं धूळ खायला का आला? ज्याला काही लपवायचं असतं किंवा काही लाटायचं असतं, तोच असा आडगावाला येतो. आणि इंदुरीच्या मुसलमानांत लाटण्यासारखं होतं काय? एक सुरी.

"पोरीला धाडूया की शिकाया," अमिना म्हणाली. "आपल्याला काय आलं न्हाई. तिला तरी नीट नमाज येऊ दे."

चाँदभाई आधी नाही म्हणाला. मग त्यानं विचार केला, शत्रूच्या घरात आपला एक कान असलेला बरा. जैनब तेव्हा दहाएक वर्षांची होती, चुणचुणीत, ऐकलेलं तसंच्या तसं सांगणारी. त्यानं तिला धाडलं, आणि ती घरी आली की तिला पुढ्यात बसवून उलटतपासणी घ्यायला लागला.

पहिल्याच दिवशी जैनब म्हणाली, "मास्तर उद्यापास्नं कायदा लावनार हायेत."

चाँदभाईच्या हातातली भाकरी ताटात पडली. "कुनावर?"

"आमच्यावर. मंग मोठ्या पोरांवर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो रखमाजी पाटलांच्या ओट्यावर हजर. लोणावळ्याचा माणूस येऊन गावात कायदा लावतोय, आणि पाटलांना पत्ता नाही! पाटलांनी मास्तरला बोलावलं. मास्तरनं पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर अलिफ, बे, ते. मुलांच्या या पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणतात, हे कळल्यावर पाटील एवढे हसले की पागोटं मांडीवर आलं. चाँदभाई हसला नाही. पोरांच्या पुस्तकाचं नाव जो कायदा ठेवतो, त्याच्या पोटात काहीतरी असणारच, असं म्हणत तो घरी गेला.

जैनबच्या बातम्या रोज येत होत्या. पाणी बसून प्यावं. समोरच्यानं सलाम करायची वाट बघू नये, आपण आधी करावा. दुसऱ्याच्या भांड्यात डोकावू नये. यातला प्रत्येक टोमणा मास्तर आपल्यालाच मारतोय, हे चाँदभाईनं ताडलं. आणि एक दिवस तर जैनब म्हणाली, "मास्तर म्हनलं, उगा कुनाचा संशय घ्यू नये. काई काई संशय गुन्हा असत्यात, आसं कुरानात सांगितलंय."

"बघ," चाँदभाई अमिनाकडे वळून म्हणाला. "आता उघड बोलाय लागला."

"तुमचं नाव घेतलं का त्यानं?"

"घेतलं न्हाई, म्हनूनच तर."

यावर अमिनानं कपाळाला हात लावला आणि ती पीठ मळायला लागली.

पण पोर बदलत चालली होती, हे खरं. शेजारच्या सरुबाईची एक कोंबडी चाँदभाईच्या परड्यात येऊन अंडं घालायची. आमच्या परड्यात पडलं ते आमचं, असा चाँदभाईचा जुना हिशेब होता. उलट त्याचा संशय असा, की सरुबाई मुद्दाम कोंबडी पाठवते, उद्या परड्यावर हक्क सांगायला. एके सकाळी जैनबनं ते अंडं उचललं आणि सरळ सरुबाईच्या हातात दिलं. "मावशी, तुमच्या कोंबडीचं हाय." बापानं विचारलं तर म्हणाली, "ज्याचं त्याला द्यावं, मास्तर सांगत्यात." सरुबाईनं संध्याकाळी लोटाभर ताक आणून दिलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. चाँदभाईचं तोंड दुधानं कधी पोळलं नव्हतं, तरी तो ते ताक हुंगून, मांजरीला पाजून, मग प्याला.

पहाटे जैनब आणि तिच्यामागं अमिना नमाजाला उभ्या राहायच्या. लेक आईला शब्द सांगायची, आई तिच्यामागून म्हणायची. चाँदभाई घोंगडीत पडून ऐकायचा. पोरीच्या तोंडून ती अक्षरं इतकी स्वच्छ यायची की त्याचा ऊर भरून यायचा. आणि लगेच भीती वाटायची. उद्या या पोरीनं आपली दुवा ऐकली तर हिला चूक कळेल. मास्तर आपल्या घरात शिरतोय तो या पोरीच्या जिभेवरून, हे त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

शेवटी त्यानं लोणावळ्याला जाऊन छडा लावायचं ठरवलं. तळेगावला गाडीत बसला. लोणावळ्याला उतरून स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उगाच घुटमळला. तिथं दत्तोबा नावाचा म्हातारा खलाशी बशीत चहा ओतून बसला होता. चाँदभाईनं आडून आडून मेहबूबचं नाव काढलं.

"मेहबूब? आमच्यातल्याच खलाशाचा ल्योक," दत्तोबा म्हणाला. "लय गरीब सभावाचा. मुंबईला शिकाया जायच्या आदी हितं एका शेटच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली व्हता. पन ती सुरीची भानगड झाली अन् काम सुटलं बिचाऱ्याचं."

सुरीची भानगड! चाँदभाईनं चहा तसाच ठेवला आणि तो परतीच्या गाडीसाठी फलाटावर जाऊन उभा राहिला. दत्तोबा आणखी काहीतरी सांगत होता, पण संशयी माणसाला पुरावा मिळाला की तो चौकशी थांबवतो. न जाणो, पुढच्या वाक्यात पुरावा नाहीसा व्हायचा. गाडी मळवली, कामशेत करत तळेगावला पोचेपर्यंत चाँदभाईच्या मनात मेहबूब मास्तरनं कुणाकुणाला भोसकलं होतं.

देवीची जत्रा तोंडावर आली. रखमाजी पाटलांचं नवसाचं बकरं होतं आणि तेच सगळ्यांत आधी पडायचं. जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी चाँदभाई सुरीला धार लावून परत येत होता, तर पिंपळाखाली पाटील आणि मास्तर बोलत उभे. ऐकू काही येईना. पण मास्तरनं आपलं बोट स्वतःच्या गळ्यावरून फिरवलं आणि जोरजोरानं मान हलवली. पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

चाँदभाईच्या पायाखालची जमीन सरकली. चाँदभाईला हलाल करता येत नाही, हेच सांगत होता तो. आणि वाईट हे, की ते खोटं आहे असं छातीठोकपणे म्हणायची सोय चाँदभाईला नव्हती. उद्या गावासमोर मास्तर म्हणेल, चाँदभाई, मोठ्यानं म्हणा तुमची दुवा. मग?

घरी अमिना नव्हती, दळण आणायला गेली होती. परड्यात जैनब पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. कायदा केव्हाच संपला होता, आता ती कुराणाचा शेवटचा भाग वाचत होती. चाँदभाईनं इकडं तिकडं बघितलं, तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हे तुज्या पुस्तकात कुटं हाय का बघ," तो म्हणाला, आणि त्यानं दम भरून घेतला. "तुजन्नमाजन्नत्याजत्यल्ला."

जैनबनं पानावर बोट ठेवलं. "हळू म्हना, अब्बा."

"हे हळू म्हनत न्हाईत. दम तुटतो."

"मास्तर म्हनत्यात, एकेक अक्षर सुटं करून म्हनायचं. तोंडात कुटनं निगतंय ते बगायचं. घाई केली की अर्थ मरतो."

सगळ्या हयातीत चाँदभाईनं ते शब्द हळू म्हटले नव्हते. हळू म्हणायचं तर ते येतात की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं घसा साफ केला. अनोळखी वाटेवर पाय टाकावा तसं एकेक अक्षर टाकायला लागला. "तु... जन्... न... मा... जन्..."

"पुढं."

"त्याज... त्या... ला."

जैनबचं बोट पानावर थांबलं. तिनं ओठ हलवून ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं आणि बापाकडे बघितलं.

"अब्बा, ही तर मराठी हाय."

"गप."

"तुजं न माजं. त्याचं त्याला."

सरुबाईची कोंबडी परड्यात माती उकरत होती. चाँदभाई तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कानात आता ते शब्द त्याच्या बापाच्या आवाजात वाजत होते, आणि ते मराठी होते, दुसरं काही असूच शकत नव्हते. भाजी तोडताना, बैल हाकताना जी भाषा तोंडात असते, तीच. इतकी वर्षं ज्याला अरबी म्हणून सांभाळलं, कुणाला ऐकू न देता ज्याचा मान खाल्ला, ते असलं? आधी त्याला बापाचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या. आणि मग, स्वभावच तो, संशय आला.

"मास्तरला सांगशील."

"न्हाई सांगनार."

"उद्यापास्नं तितं जायाचं न्हाई. बास झालं शिकनं."

जैनबनं पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि देवळीत ठेवलं. रडली नाही. वळून एवढंच म्हणाली, "मी सांगनार न्हाई, अब्बा. पन जैनब का येत न्हाई आसं त्यांनी इचारलं, तर मी खोटं कसं बोलू?"



जत्रेच्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, तो मशिदीच्या ओसरीवर गेला. रात्रभरात त्यानं एकच ठरवलं होतं. गावासमोर सुरी हिसकावून घेतली जाण्यापेक्षा आपण होऊन दिलेली बरी. मास्तर ओसरी झाडत होता. चाँदभाईनं कमरेची सुरी सोडली, फडकं बाजूला केलं आणि पातं त्याच्यापुढं धरलं.

"घ्या. ह्याच्यासाठीच आलाय न्हवं?"

मास्तर मागं सरकला. त्याच्या हातातला झाडू पडला, चेहरा पिठासारखा पांढरा झाला आणि तो खांबाला टेकून खाली बसला.

"आधी ते झाका," तो डोळे मिटून म्हणाला. "चाँदभाई, आधी ते झाका."

चाँदभाईनं सुरी फडक्यात गुंडाळली. मास्तरनं मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं, आणि मग हळूहळू सगळं निघालं. त्याला धारेचं पातं आणि रक्त बघवत नसे, लहानपणापासून. लोणावळ्याच्या बंगल्यावर खानसाम्यानं पहिल्याच दिवशी कोंबडी कापायला दिली, तर हा कोंबडी सोडून स्वतःच आडवा झाला, पडताना शेटची चिनी मातीची भांडी घेऊन. तीच ती सुरीची भानगड.

"काल पाटील म्हणाले, नवसाच्या बकऱ्यापाशी तुम्हीही येऊन उभे राहा," मास्तर म्हणाला. "मी त्यांना सांगितलं, मला बकऱ्याच्या मानेकडे बघवत नाही. जेवायला येईन म्हटलं."

एक संशय धाडकन कोसळला होता आणि त्याच्या जागी ठेवायला दुसरा हाताशी नव्हता, अशी चाँदभाईच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. तो मास्तरसमोर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. भोपळा, प्लेग, पहिलं बकरं, शेपूट, जैनब. सांगताना तो मास्तरच्या ओठांच्या कडा बघत होता, कुठं हसू येतंय का. आलं नाही.

"आधी बिस्मिल्ला म्हणता?" मास्तरनं विचारलं.

"म्हनतो."

"अल्लाहू अकबर म्हणता?"

"म्हनतो की."

"मग झालं. तुमचं हलाल हलालच होतं, पहिल्या बकऱ्यापासून."

चाँदभाईनं मान खाली घातली. इतक्या वर्षांचं ओझं असं चार शब्दांत उतरतं, हे त्याला खरं वाटेना. उतरल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी त्याला रडू आलं, आणि मास्तरनं ते न बघितल्यासारखं केलं.

"अन् शेपूट?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"कुर्बानी करताना अरबीत म्हणतात, अल्लाहुम्म मिन्क व लक. अल्ला, हे तुझ्याकडूनच आलं आणि तुझंच आहे. तुमच्या पणज्याला कुणीतरी याचा अर्थ सांगितला असेल. अरबी जिभेवर बसली नसेल, म्हणून त्यानं अर्थच पाठ केला. त्यानं तो मराठीत केला तो कळावा म्हणून. तुम्ही लोकांनी तो एका दमात पळवून पळवून पुन्हा अरबी करून टाकलात."

"म्हंजी म्हनू का नको?"

"म्हणा. आधी अल्लाचं नाव, मग ते. फक्त आता ऐकत म्हणा."

चाँदभाई उठला, ओसरीच्या पायरीपर्यंत गेला आणि मागं वळला. "हे गावात कुनाला सांगनार?"

"कुणालाच नाही."

"कशावरनं?"

आता मात्र मास्तर हसला. "पोरीला आज पाठवा," तो म्हणाला. "तिचा धडा राहिलाय."

घरी येताना चाँदभाई ते शब्द मनात घोळवत होता आणि प्रत्येक पावलाला त्याला काहीतरी आठवत होतं. तुझं नाही, माझं नाही, त्याचं त्याला, असं म्हणून सुरी फिरवायची, आणि तिचं रक्त पुसायच्या आत कोंडाजीशी हाडांवरून वाद घालायचा. सरुबाईचं अंडं. खळ्यावरचं सूप पाटलांच्या गड्यानं शिगोशीग भरलं की नाही, म्हणून केलेला तमाशा. तोंडात हे आणि डोळ्यांत ते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण कळसा निदान काखेत तरी असतो. इथं तो जिभेवर होता. त्याला स्वतःची खरोखर शरम वाटली.

दुपारी देवीपुढं बकरं मावळतीकडे तोंड करून आडवं केलं. चाँदभाईनं मानेवर हात ठेवला. बिस्मिल्ला, अल्ला हू अकबर. पुढचं तो ऐकत म्हणाला, आणि ऐकायच्या नादात जरा मोठ्यानं म्हणाला. सुरी फिरली. शेजारी उभे असलेले रखमाजी पाटील वाकून म्हणाले, "चाँदभाई, आज दुवा मराठीत का?"

"पाटील, ती पयल्यापास्नं मराठीच हाय," चाँदभाई सुरी पुसत म्हणाला. "ऐकू आज आली."

कोंडाजीनं वाटा पुढं केला. चाँदभाईनं तो घेतला, फडक्यात बांधला आणि चालू लागला. कोंडाजी बघतच राहिला. यानं तोलला नाही, हुंगला नाही, हाडं मोजली नाहीत. याच्या मनात काय आहे? संध्याकाळी कोंडाजी आपण होऊन मुलाण्याच्या दारात आला. "काय चुकलं का आमचं?" विचारायला लागला. पुढं दोन दिवस अख्खं गाव चाँदभाईकडे संशयानं बघत होतं.

यानंतर चाँदभाई सुधारला, असं सांगितलं तर इंदुरीत कुणी विश्वास ठेवणार नाही. स्वभावाला औषध नसतं. राम राम घालणाऱ्याच्या हाताकडे तो शेवटपर्यंत बघत राहिला. फरक एवढाच, की वाटा हातावर तोलायला जायचा आणि मध्येच थांबायचा, ओठ हलायचे, मग मुकाट्यानं फडकं बांधायचा. कोंबडीनं अंडं घातलं की स्वतः कुंपणापाशी जाऊन हाक मारायचा, "सरुबाई, तुमचं न्ह्या." नेताना तिनं दुसरं काही उचललं नाही ना, हेही बघायचा.

जैनबनं कुराण पूर्ण केलं. त्या दिवशी चाँदभाईनं गावभर गूळ वाटला आणि प्रत्येकाला घरातल्यांसाठीसुद्धा दिला. पुढं ती तळेगावला सासरी गेली. तिथं तिच्या ओसरीवर आजूबाजूच्या मुली शिकायला यायला लागल्या. एकेक अक्षर सुटं करून म्हणा, हे तिचं पहिलं सांगणं. आणि धडा झाला की त्याचा अर्थ मराठीत सांगितल्याशिवाय ती कुणाला उठू देत नसे. "अर्थ कळंल तवाच तो अंगाला लागतो," म्हणायची.

सेहेचाळीस साली पावसाळ्याच्या अखेरीला चाँदभाईच्या छातीत कफ भरला. औषधाच्या पुडीत वैद्यानं काय घातलंय, हे त्यानं तीन तीनदा विचारलं आणि मांजरीनं हुंगल्यावर घेतलं. पण कफ हटेना. जैनब तळेगावहून आली. दुपारची वेळ होती, अमिना उशाशी, केस पिकलेला मास्तर पायांशी हलक्या आवाजात कुराण पढत होता, आणि कोंडाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चाँदभाईचे ओठ हलायला लागले. जैनबनं कान तोंडाजवळ नेला.

एका दमात म्हणायचं होतं, पण दमच नव्हता. "तुजं," तो म्हणाला आणि बराच वेळ नुसती छाती वरखाली होत राहिली. "न माजं." जैनबनं त्याचा हात धरला. "हळू म्हना, अब्बा," ती म्हणाली. "घाई न्हाई." त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत कसला म्हणून संशय नव्हता. "त्याचं," तो म्हणाला, आणि त्याचा दम तुटला.

दुवा तुटू द्यायची नव्हती. राहिलेला शब्द जैनबनं त्याच्या कानात म्हटला. दारातल्या कोंडाजीला तो अल्ला असा ऐकू आला, आणि त्यानं डोक्यावरचं मुंडासं उतरवून हातात घेतलं.